पाच दिवस डोंगर, दोन दिवस ‘सेवा’: ट्रेक-संयोजकांना खुले पत्र

अभयारण्यातल्या स्वयंसेवेची जोड देऊन सामूहिक ट्रेक आखणाऱ्या सर्व संयोजकांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण तुमची कार्यक्रमपत्रिका. बहुतेकांचा साचा एकच असतो: पाच दिवस डोंगर, दोन दिवस ‘सेवा’ आणि शेवटच्या संध्याकाळी प्रमाणपत्रं. त्या दोन दिवसांत अभयारण्याला काय मिळतं आणि त्याच्याकडून काय घेतलं जातं, हा हिशेब पत्रिकेत कुठेच नसतो. स्वयंसेवकांच्या कामाची आखणी हेच आमचं काम असल्यामुळे तो आम्ही मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण बेरीज-वजाबाकी खरी आहे.

बारा जणांचा गट, दोन दिवस, रोज सहा तास. कागदावर १४४ तास झाले. पहिल्या दिवशी सूचना, हत्यारांची ओळख आणि सुरक्षेचे नियम यांत तीन तास जातात, म्हणजे बारा जणांचे ३६. उरले १०८. नवखा हात सरावलेल्या हाताच्या निम्मं काम करतो असं धरा, की ५४ राहिले. आता खर्चाची बाजू. गटाबरोबर दोन वनरक्षक पूर्ण वेळ लागतात. आठ तासांचे दोन दिवस, म्हणजे ३२ तास. हे तास आकाशातून पडत नाहीत, ते गस्तीतून कापले जातात. शिवाय अधिकाऱ्याचा वेळ, हत्यारांना धार लावणं, ती मोजून परत ठेवणं आणि तुम्ही गेल्यावर चुकलेलं काम पुन्हा करणं, याचे पंधरा-वीस तास. हाती राहतात चार-पाच तास! तेही कुणाच्या पायावर कुदळ बसली नाही तर.

तोच गट पाच दिवस एकाच कामावर राहिला तर काय होतं पाहा. प्रशिक्षण एकदाच द्यावं लागतं. पहिले दोन दिवस निम्म्या वेगाने आणि पुढचे तीन पाऊण वेगाने धरले, तरी सरावलेल्या हाताच्या मोजणीत २१६ तासांचं काम होतं. तिसऱ्या दिवसापासून एक वनरक्षक गस्तीवर परत जाऊ शकतो, त्यामुळे पाच दिवसांत त्यांचे ५६ तास लागतात. बाकीच्या धावपळीचे ३० वजा करा. शिल्लक १३०. दिवस अडीचपट झाले आणि फळ पंचवीसपटीच्या घरात गेलं.

म्हणून पहिली मागणी अशी: एका कामाला सलग चार दिवस देता येत नसतील तर पत्रिकेतून ‘स्वयंसेवा’ हा शब्द काढून टाका. नुसता ट्रेक करण्यात कमीपणा काहीच नाही. प्रवेशशुल्क भरून, ठरलेल्या वाटेने जाऊन, कचरा परत आणणारा गट अभयारण्यावर भार टाकत नाही. दोन दिवस कुदळ हातात घेऊन फोटो काढणारा गट टाकतो.

एक शब्दाचा घोळही निस्तरायला हवा. मराठीत अभयारण्य म्हणजे संरक्षित जंगल, जिथे प्राणी मोकळे असतात आणि माणूस पाहुणा असतो. पण परदेशी सहलींच्या जाहिरातींतून ‘सँक्चुअरी’चं सरसकट भाषांतर ‘अभयारण्य’ असं होतं, आणि त्यात जखमी, जप्त केलेल्या किंवा पोरक्या प्राण्यांची पिंजऱ्यांची केंद्रंही येऊन बसतात. दोन्हीकडची कामं वेगळी, धोके वेगळे, नियमही वेगळे. तुमचा गट यांतल्या नेमक्या कुठे जाणार आहे, हे सहभागींना नोंदणीच्या वेळीच कळलं पाहिजे. आधी जंगलाचं बोलू.

काम ठरवताना अभयारण्याच्या अधिकाऱ्यांना ‘आमच्यासाठी काही काम आहे का?’ असं विचारू नका. या प्रश्नाला आदरातिथ्यापोटी नेहमी होकार मिळतो, आणि मग आधीच रंगवलेले दगड पुन्हा रंगवले जातात. त्याऐवजी विचारा: ‘आम्ही आलो नाही तर हे काम कोण करणार आहे?’ उत्तर ‘आसपासच्या गावातले मजूर’ असं आलं, तर तिथे थांबा. फुकट हात नेऊन तुम्ही कुणाची तरी मजुरी बुडवणार आहात. अशा कामाला तुमच्या शुल्कातून मजुरी द्या आणि त्याच माणसांना तुमच्या गटाचे शिक्षक म्हणून घ्या. उत्तर ‘कोणीच नाही, तीन वर्षं पडून आहे’ असं आलं तर ते काम तुमचं.

असं पडून राहिलेलं काम बहुतेक वेळा तण काढण्याचं असतं. घाणेरी, म्हणजे टणटणी, मूळची अमेरिका खंडातली. शोभेचं झुडूप म्हणून जगभर नेलं आणि आता ते आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातल्या जंगलांत गवताची जागा खाऊन बसलंय. गवत गेलं की हरणं जातात, त्यांच्यामागून शिकारी प्राणी. गट उत्साहाने कोयते घेऊन जातो, झुडपं जमिनीलगत छाटतो, मोठा ढीग रचून त्याच्यापुढे फोटो काढतो. पुढच्या पावसात प्रत्येक खुंटाला जिथे एक खोड होतं तिथे पाच-सहा फुटवे येतात. म्हणजे गटाने घाणेरीची छाटणी करून दिली, जशी माळी कुंपणाची करतो.

तिचं खोड आणि मूळ जिथे जुळतं, त्या भागातून हे फुटवे निघतात. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने रुळवलेली पद्धत नेमकी या जागेवर बोट ठेवते: लांब दांड्याच्या कुदळीने जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं. उलटं अशासाठी की आडव्या फांद्या ओल्या मातीला टेकल्या की पुन्हा रुजतात. पेटवून देण्याचा मोह टाळा, आगीनंतर घाणेरी आणखी जोमाने येते. फळं धरण्याआधीचा हंगाम निवडा. फळं आलीच असतील तर ती आधी पोत्यात तोडून घ्या, नाहीतर ओढताना निम्मी तिथेच सांडतात.

कामाची मांडणी जोड्यांनी करा: एक जण खणणारा, दुसरा झुडूप कलतं धरणारा. दोन जोड्यांत किमान तीन मीटर अंतर ठेवा, कारण लांब दांड्याची कुदळ मागे फिरते तेव्हा तिला डोळे नसतात. दाट जाळीत शिरण्याआधी वनरक्षक काठीने आवाज करेल. तेवढा वेळ थांबा. आत साप, मधमाश्यांचं पोळं, रानडुक्कर किंवा अस्वल काहीही असू शकतं. पक्ष्याचं चालू घरटं दिसलं तर ते झुडूप फीत बांधून सोडून द्या. आणि हेही लक्षात ठेवा की मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्या पावसाबरोबर बियांपासून शेकडो रोपं उगवतात, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली. ती हाताने सहज उपटता येतात, पण दोन-तीन वर्षं सलग उपटावी लागतात. त्यामुळे पहिल्या वर्षी मोठा तुकडा हाती घेऊ नका. पुढच्या तीन वर्षांत जेवढ्यावर परत याल, तेवढाच घ्या. मोकळ्या जागेत स्थानिक गवताचं बी लगेच पेरण्याची तयारी अभयारण्याकडे आहे का, हेही विचारा. रिकामी माती घाणेरी नाही तर गाजरगवत घेतंच. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, तेही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, कारण त्याने अंगावर पुरळ आणि दम्यासारखा त्रास होऊ शकतो. ज्यांना दमा आहे त्यांना या कामावर ठेवूच नका.

पायवाट दुरुस्त करणं हे ट्रेकरांना शोभणारं दुसरं काम, आणि बिघडवायलाही तितकंच सोपं. वाट खराब करतं ते वाटेवरून वाहणारं पाणी, पाय निमित्तमात्र. म्हणून वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी: एक मीटर रुंदीला साधारण पाच सेंटिमीटर. वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, नाहीतर पाणी उतार सोडून वाटच धरतं. जिथे हे साधत नाही तिथे पाणी वळवणारा आडवा बांध घालतात. नवखे लोक तो वाटेला काटकोनात घालतात. तिथे पाणी थबकतं, गाळ साचतो आणि दोन पावसांत पाणी बांधावरून उडी मारून खाली खड्डा पाडतं. बांध वाटेच्या काटकोनी रेषेपासून ३० ते ४५ अंश तिरका हवा, दगड निदान दोन तृतीयांश जमिनीत गाडलेला हवा आणि खालच्या टोकाला पाणी निघून जायला रुंद, मोकळं तोंड हवं. बांध फसतो तो बहुधा तोंड बुजल्यामुळे. नवे दहा बांध घालण्यापेक्षा जुन्या तीस बांधांची तोंडं मोकळी करणं हे पुष्कळदा अधिक उपयोगाचं, पण त्याचा फोटो चांगला येत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

ट्रेकरांनीच पाडलेल्या आडवाटा बंद करताना दोन्ही टोकं झाका, आणि जिथून आडवाट नजरेस पडते तिथपर्यंत काटक्या-दगड पसरा. फक्त तोंडाशी दगड ठेवले तर लोक त्याला वळसा घालून तिसरी वाट पाडतात.

कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं काम प्रत्येकाला हवंहवंसं वाटतं. पण एका कॅमेऱ्याजवळ दोनच माणसं जातील, बारा नाहीत. वाघ-बिबट्यासारख्या प्राण्यांसाठी कॅमेरा जमिनीपासून साधारण ४० ते ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याच्या उंचीला, आणि वाटेच्या मध्यापासून तीन-चार मीटरवर बांधतात. जोडीने, दोन्ही बाजूंना, कारण अंगावरच्या पट्ट्यांची किंवा ठिपक्यांची नक्षी डाव्या-उजव्या अंगाला वेगळी असते. तोंड पूर्व-पश्चिमेला ठेवलं तर उगवत्या-मावळत्या उन्हात फोटो जळतात. समोरचं गवत काढलं नाही तर वाऱ्याने हललेल्या पात्यांचे हजारो फोटो निघून कार्ड भरतं. बांधून झाल्यावर एकाने समोरून रांगत जाऊन पाहायचं. चालत जाऊन केलेली चाचणी माणसाची असते, जनावराची नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र घड्याळाची. काही कॅमेऱ्यांत बॅटरी बदलताना तारीख मूळपदावर जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग महिनाभराचे फोटो भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होतात. उपाय साधा आहे. कॅमेरा चालू केल्यावर आणि कार्ड काढण्याआधी, ठिकाणाचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिलेली पाटी समोर धरून एक फोटो घ्या. चुकलेलं घड्याळ त्यावरून मागाहून दुरुस्त करता येतं. जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र घालू नका. काढलेलं कार्ड आणि कोरं कार्ड वेगळ्या रंगांच्या डब्यांत ठेवा, नाहीतर कुणीतरी भरलेलंच कार्ड पुसतो.

इथे दोन दिवसांच्या गटांसाठी एक खरीखुरी सोय आहे. फोटो काढण्यापेक्षा ते निवडायला माणसं कमी पडतात. रिकाम्या गवताचे फोटो बाजूला करणं आणि प्राण्याचं नाव, संख्या, वेळ नोंदवणं हे काम पावसाच्या दुपारी तंबूत किंवा घरी गेल्यावरही होतं. प्रत्येक फोटो दोघांनी एकमेकांचं न बघता ओळखायचा, मतं जुळली नाहीत तर तिसऱ्या जाणकाराने निर्णय द्यायचा. सहा आठवडे, आठवड्याला तीन तास असं बारा जणांनी दिलं तर २१६ तास होतात, आणि त्यासाठी एकाही वनरक्षकाची गस्त मोडत नाही. तुमच्या पत्रिकेत हे काम आम्हाला अजून दिसायचं आहे.

प्राणीगणनेच्या ट्रान्झेक्टवर, म्हणजे जंगलात आखलेल्या सरळ रेषेवर चालायला, दोन-तीन माणसं पुरतात. पहाटे, हळू, न बोलता. प्राणी दिसला की तीन गोष्टी मोजायच्या: किती होते, किती अंतरावर आणि रेषेपासून किती अंशांत. रेषेपासूनचं लंब अंतर यांवरून निघतं. उदाहरण घ्या: हरणांचा कळप ६० मीटरवर, कोन ३० अंश. लंब अंतर ३० मीटर. घाईत कोन २० अंश वाचला तर तेच अंतर साडेवीस मीटर होतं. अशाच चुका सगळ्यांनी एकाच दिशेने केल्या तर तपासलेला पट्टा प्रत्यक्षापेक्षा अरुंद ठरतो आणि त्याच जंगलात हरणं जवळजवळ दीडपट असल्याचं गणित निघतं. म्हणून अंदाज चालत नाही, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि होकायंत्र लागतं, आणि आदल्या दिवशी मोकळ्या जागेत तासभर सराव लागतो. लोक अंतर ५० आणि १०० अशा गोल आकड्यांत लिहितात. तेही कागदावर लगेच ओळखू येतं. प्राणी बिचकून पळाला तर तो पहिल्यांदा होता त्या जागेचं माप घ्यायचं, जिथे जाऊन थांबला तिथलं नाही. आणि थेट रेषेवरचा प्राणी कधीही सुटता कामा नये, कारण सगळं गणित या एका गृहीतावर उभं आहे. बाजूच्या झाडीतली हरणं न्याहाळताना समोर वाटेवर बसलेलं जनावर सुटणं ही हौशी गटाची नेहमीची चूक.

शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फासे शोधण्याच्या गस्तीवर हौशी गट पाठवू नये असं आमचं मत आहे. अभयारण्यानेच बोलावलं तर नियम एकच: तार दिसली की हात लावायचा नाही, जागेवर थांबून वनरक्षकाला खूण करायची. ती तार विजेच्या वाहिनीला जोडलेली असू शकते, आणि अशा तारेने माणसंही मेली आहेत. जिवंत नसली तरी तो पुरावा असतो. आधी फोटो, ठिकाणाची नोंद, मगच काढणं. फोनमधली फोटोंवर ठिकाण नोंदवण्याची सोय गस्तीपुरती नव्हे, संपूर्ण मुक्कामभर बंद ठेवा. दुर्मीळ प्राण्याचा ठिकाणासह टाकलेला फोटो शिकाऱ्याला आयतं निमंत्रण आहे.

आता पिंजऱ्यांच्या केंद्रांकडे. इथली कसोटी एका वाक्यात सांगता येते: जिथे पैसे देऊन पिल्लाला दूध पाजता येतं, ते केंद्र प्राण्यासाठी चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे आईपासून काही दिवसांतच तोडून स्वयंसेवकांच्या हाती द्यायचे, मोठे झाल्यावर त्यांच्याबरोबर फेरफटके विकायचे आणि अखेर ते कुंपणात शिकारीसाठी किंवा हाडांसाठी जायचे, अशी साखळी उघड झाली. तिथल्या सरकारने २०२१मध्ये पिंजऱ्यातल्या सिंहांचा हा धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. आपण पोरक्या छाव्यांना वाढवतो आहोत, असं पैसे भरणाऱ्या स्वयंसेवकांना मनापासून वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारायला हवं होतं की दरवर्षी नवी पिल्लं येतात कुठून आणि गेल्या वर्षीची गेली कुठे?

२००७मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्चुअरीज’ या संस्थेची मान्यता केंद्राला आहे का, हे पाहता येतं. नसली म्हणून केंद्र वाईटच असं नाही, लहान केंद्रांना कागदपत्रांचा भार झेपत नाही. पण प्राण्यांची विक्री नाही, प्रदर्शनापुरतं प्रजनन नाही, पाहुण्यांचा स्पर्श नाही, या तीन गोष्टी लेखी मागा. जंगलात परत सोडायच्या प्राण्याला तर माणसाची ओळखही होऊ द्यायची नसते. १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया काँडर गिधाडं वाचवताना पिल्लांना भरवायला काँडरच्या डोक्याच्या बाहुल्या हातावर चढवत, त्या याचसाठी. चांगल्या केंद्रात स्वयंसेवकाच्या वाट्याला चारा कापणं, पिंजरे धुणं, कुंपण तपासणं, वजनाच्या नोंदी ठेवणं एवढंच येतं. जाहिरातीत हेच लिहा. कमी लोक येतील, पण ते काम करतील.

रोग दोन्ही दिशांनी जातात. माणसाच्या ओठावर उठणाऱ्या साध्या जराचा (हर्पिसचा) विषाणू मार्मोसेट माकडाला ठार करतो. माणसाचा सर्दी-खोकला चिंपांझींच्या टोळीत न्यूमोनिया बनतो. म्हणूनच महावानरांपासून सात मीटर दूर राहण्याचा नियम होता आणि २०२०मध्ये तज्ज्ञांनी तो दहा मीटर करायला सांगितला. त्यामुळे खोकणारा सहभागी त्या दिवशी स्वयंपाकघरातही नको आणि पिंजऱ्यांकडेही नको. पिंजरे धुण्याचा क्रम नेहमी निरोगी प्राण्यांकडून आजाऱ्यांकडे, विलगीकरणातले सगळ्यात शेवटी. बूट बुडवायच्या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये चिखलाने भरलेला बूट बुडवणं म्हणजे नुसती समजूत, कारण मातीत आणि शेणात जंतुनाशकाचा जोर संपतो. आधी ब्रशने माती काढायची, मग डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत बूट ओला ठेवायचा.

सस्तन प्राण्यांजवळ काम असेल तर रेबीजची लस आधीच घ्यायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनेप्रमाणे निरोगी माणसाला शून्य आणि सातव्या दिवशी अशा दोन मात्रा पुरतात. म्हणजे निघण्याआधी निदान दोन आठवडे हाताशी हवेत. चावा बसलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, आणि आधी लस घेतलेली असली तरी पुढच्या दोन मात्रा चुकवायच्या नाहीत. धनुर्वाताची लस तर कुदळ धरणाऱ्या प्रत्येकाची चालू हवी.

राहिला क्रम: आधी डोंगर की आधी काम? सगळे आधी डोंगर ठेवतात आणि तिथेच गडबड होते. वाटेत पाऊस लागला, कोणी लंगडला, एक मुक्काम वाढला, की पहिला कापला जातो तो कामाचा दिवस. शिवाय फोड आलेल्या पायांनी आणि भरून आलेल्या पोटऱ्यांनी उतारावर उभं राहून खणणं धोक्याचं असतं. म्हणून काम आधी, मग एक दिवस विश्रांती आणि सामानाची सफाई, मग ट्रेक. पुढे उंचावर जायचं असेल तर मधल्या उंचीवरच्या कामाचे दिवस शरीराला हवेची सवय लावतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम काम आधी केल्याने सुटत नाही, फक्त सोपा होतो.

या क्रमाला एक अपवाद आहे: काम पिंजऱ्यांच्या केंद्रात असेल तर ट्रेक आधी करा. आजारी प्राण्यांच्या जागेतून निघालेले बूट दुसऱ्या दिवशी मोकळ्या जंगलात जाता कामा नयेत. तणाच्या कामातही हीच भीती असते, मोज्यांत आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकलेलं बी पुढच्या खोऱ्यात जाऊन पडतं. त्यामुळे कामाचे बूट आणि चालण्याचे बूट वेगळेच हवेत. ‘एकच जोडी आणा, ओझं कमी होईल’ हा सामानाच्या यादीतला सल्ला काढून टाका. ही अतिकाळजी वाटत असेल तर न्यूझीलंडकडे बघा. तिथल्या कौरी वृक्षांची मुळं कुजवणारा सूक्ष्मजीव मातीबरोबर पसरतो आणि टाचणीच्या डोक्याएवढी माती त्याला पुरते. २०१८मध्ये ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगररांगेतल्या वाटाच बंद करायची वेळ आली. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या बुरशीने तर २०१९च्या एका जागतिक आढाव्यानुसार ५०१ प्रजातींना घटती कळा लावली आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. ही बुरशी ओल्या बुटांत टिकते, पूर्ण सुकल्यावर मरते. एका ओढ्याकाठून दुसऱ्या ओढ्याकाठी जाण्याआधी बूट घासून, जंतुनाशक लावून पूर्ण सुकवायचे. यालाही वेळ लागतो, म्हणून मधला रिकामा दिवस.

मुक्कामाचे नियम तुम्हाला माहीत आहेत, तरी दोन गोष्टी. शौचाचा खड्डा पंधरा-वीस सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर; गट बारा जणांचा आणि मुक्काम पाच दिवसांचा असेल तर एकेकट्याचे खड्डे पुरणार नाहीत, जागा अभयारण्याकडूनच ठरवून घ्या. आणि अंधार पडल्यावर तळाबाहेर हालचाल नाही, हेडलॅम्प कितीही झगझगीत असो.

पुढच्या हंगामाच्या तारखा छापण्याआधी अभयारण्याला एक पत्र लिहा. किती माणसं, कुठल्या वयाची, कोणाला काय येतं, सलग किती दिवस देणार, हत्यारं आणि हातमोजे कोण आणणार, जखमीला जवळच्या रुग्णालयात न्यायला किती वेळ लागतो आणि गाडी कोणाची, शुल्कातला किती हिस्सा अभयारण्याकडे जाणार आणि परतल्यावर नोंदी किती दिवसांत पोचवणार, हे सगळं त्यात असू द्या. नोंदींसाठी सात दिवस पुष्कळ झाले. महिन्याने आलेल्या वहीतलं अक्षर लिहिणाऱ्यालाही लागत नाही. त्या पत्राला ‘या वर्षी नको’ असं उत्तर आलं तर ते खरं माना आणि नुसता ट्रेक जाहीर करा.

कळावे,

आपले,
अभयारण्यांत स्वयंसेवकांच्या कामाची आखणी करणारे काही जण